गल्लीला आधी कळतं

आमच्या घरी मॅच शिळी येते. शेजारी ताजी, आमच्याकडे शिळी. खेळणारा भाऊ आमचा, पण तो चढाईला निघाला की त्याचं काय झालं हे आधी गल्लीला कळायचं, मग आम्हाला.

धाकटा भाऊ कबड्डी खेळायचा. हौस म्हणून नाही, पोटासाठी. टीव्हीवर दिव्यांच्या झगमगाटात जी लीग दिसते, तिथल्या एका संघात तो चढाईपटू होता. पहिल्या हंगामाचं मानधन मिळालं तेव्हा त्याने सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या आमच्या दोन खोल्यांत एवढा मोठा टीव्ही आणला की देवाची फळी हलवून स्वयंपाकघरात न्यावी लागली. देव निमूट गेले. आई मात्र चार दिवस टीव्हीकडे पाठ करून जेवत होती.

हा टीव्ही इंटरनेटवर चालतो. गल्लीतल्या इतरांकडे केबल. नेटवरचं चित्र आठ-दहा सेकंद उशिरा येतं. भावाने आईला त्याचं कारण समजावून सांगितलं होतं, की ते आधी इथं जातं, मग तिथं जातं आणि मग घरी येतं. आईला त्यातलं एवढंच कळलं की चित्र गावाला वळसा घालून येतं. आमच्या पडद्यावर भाऊ अजून मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावत असायचा आणि भिंतीपलीकडे अक्कांच्या घरात "आला, आला" सुरू झालेलं असायचं. अक्का म्हणजे आमच्या शेजारच्या. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही.

अक्कांकडे जाऊनच मॅच बघू असं मी किती वेळा म्हटलं. आई तयार नव्हती, आणि त्यालाही कारण होतं. माझी आई विड्या वळते. मॅच सुरू असताना मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, आणि हात आपोआप चालू. भाऊ चढाईला निघाला की हात थांबायचे आणि ती त्याच्याबरोबर ओठांतल्या ओठांत "कबड्डी कबड्डी" म्हणायला लागायची. एका दमात. तो परत मध्यरेषेवर येईपर्यंत दम सोडायची नाही. तोंडाचा चंबू, डोळे वटारलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. असं चारचौघांत बसायची तिला लाज वाटायची. आमचे वडील मंडळाकडून मातीवर खेळायचे, तेव्हापासूनची ही सवय. पण तेव्हा ती मैदानावर जायची नाही, बायका जात नसत. वडील घरी सराव म्हणून दम घालायचे आणि ती भाकरी थापता थापता त्यांच्याबरोबर घालायची. तिचा दम जास्त टिकायचा, हे वडील हयात होते तोवर कबूल करत राहिले.

तर अर्धा दम तोंडात असताना भिंतीपलीकडून निकाल यायचा. आईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका मॅचला ती तशीच उठली, हाताला तंबाखू लागलेली, गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पोरगं माजं हाय. मला आधी कळलं पायजे. न्हायतर निदान तुमच्याबरुबर तरी."

आमची गल्ली तशी भांडखोर आहे. पाण्याच्या वेळेला तर कुणी कुणाचं ऐकत नाही. पण आईचं हे म्हणणं गल्लीने असं ऐकलं की मलाच आश्चर्य वाटलं. कुणी काही ठराव केला नाही, तरी त्या दिवसापासून पद्धत पडली. भावाची चढाई असली की गल्लीने दम धरायचा. आमच्या टीव्हीवर प्रेक्षक ओरडले की मग गल्लीने ओरडायचं. लहान मुलं दोन्ही हात तोंडावर धरून बसायची. अक्का पदराचा बोळा तोंडात कोंबायच्या, हे मी खिडकीतून स्वतः पाहिलंय. अर्थात गुपित काही गल्लीला पचायचं नाही. भावाने गुण आणला असेल तर दाबलेलं हसू कुठूनतरी फुसकन बाहेर पडायचं, आणि पकड झाली असेल तर कुणीतरी चुकचुकायचं. ते मला ऐकू यायचं. आईला यायचं की नाही कोण जाणे. ती दम घालण्यात गुंतलेली असायची.

मी सोलापुरात गणवेशाच्या कारखान्यात शिलाई विभाग सांभाळते. शाळांचे गणवेश, पोलिसांचे, हॉटेलातल्या वेटरांचे, सगळं आमच्याकडे शिवतात. त्यामुळे भाऊ पहिल्यांदा हंगाम संपवून घरी आला तेव्हा मी त्याच्या गळ्यात पडण्याआधी त्याची बॅग उघडली आणि कपडे बघितले. जर्सीच्या आत घालायची एक तोकडी, अंगाला चिकटून बसणारी बंडी होती. दोन खांद्यांच्या मधोमध तिला एक खिसा. एवढासा, काडेपेटीएवढा. पाठीवर खिसा कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, त्यात एक यंत्र बसतं. किती पळालो, किती वेळा वळलो, छाती किती धडधडली, सगळं ते बाहेर बसलेल्या माणसाला सांगतं.

"म्हणजे दमलास की नाही हे तुला विचारतच नाहीत?"

"विचारतात की. पण उत्तर आधी बघून घेतात."

त्या खिशाची शिवण आतून जाड होती आणि त्याच्या पाठीवर घासून लाल चट्टा उठला होता. एवढी महागडी बंडी, आणि शिवणाऱ्याला माणसाला कातडी असते हे माहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात नेली, शिवण उसवली, आतून मऊ होजिअरीची पट्टी लावली आणि सपाट टीप मारून दिली. नंतर त्याच्या संघातल्या आणखी तिघांच्या बंड्या कुरिअरने माझ्याकडे आल्या. टीव्हीवर ते चौघे दिसले की मी आईला सांगायचे, त्यांच्या पाठीला मी आहे.

या सगळ्याने भावाचा खेळ सुधारला, हे खरं आहे. वडिलांच्या वेळी दुखणं लपवायचं म्हणजेच खेळाडू असायचं. इथे यंत्र सांगायचं आणि त्याला एक मॅच बसवून ठेवायचे. तो चिडायचा, पण ताजातवाना परत यायचा. शत्रू निघाला तो समोरच्या संघांचा लॅपटॉप. भावाची एक हुकमी चाल होती. डावीकडे झेप दाखवायची आणि डाव्या टाचेवर गर्रकन वळून उजव्या कोपऱ्यातल्या गड्याला हात लावून परतायचं. कोपरारक्षकाला कळायच्या आत तो घरी. ती चाल लोकांना इतकी आवडली की सोलापुरातली पोरं शाळेच्या पटांगणात ती करून पडायला लागली. दुसऱ्या हंगामात मात्र ती चालेना. प्रत्येक वेळी कोपरेवाला तयार उभा. शेवटी त्याच्याच संघातल्या व्हिडिओवाल्याने त्याला बसवून दाखवलं की वळण्याआधी त्याची डावी मूठ आत येते. दरवेळी. त्याला स्वतःला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, त्याला न्हाऊमाखू घालणाऱ्या आईला माहीत नव्हतं. सगळ्या विरोधी संघांना माहीत होतं.

मग त्याने चाल बदलली. उजव्या पायावर वळायला लागला. महिनोन्‌महिने घोटलं आणि ते जमलंही. पुन्हा गुण यायला लागले, पुन्हा गल्लीतून फुसकन हसू यायला लागलं. फक्त उजवा पाय त्याचा जन्माचा दुय्यम पाय. मातीत असतं तर वळताना पाय थोडा घसरला असता. मॅटवर बूट पकडून ठेवतो. अंग वळतं नि गुडघा मागे राहतो. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आधी सांगायला कुणी नव्हतं, कारण त्या दिवशी पाठीवरच्या यंत्राचे सगळे आकडे उत्तम होते.

त्या संध्याकाळी मी कामावरून येऊन हातपाय धुतले आणि आईशेजारी बसले. सामना अटीतटीचा. दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, म्हणजे तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर गडी बाद. अशा चढाईला भावालाच पाठवायचे. आमच्या पडद्यावर तो मध्यरेषेशी वाकला. आईने सूप खाली ठेवलं आणि दम धरला.

भिंतीपलीकडून अक्कांच्या टीव्हीवरच्या समालोचनाची बडबड नेहमी झिरपत यायची. आम्हाला तिची इतकी सवय होती की ती ऐकू येते हेही आम्ही विसरलो होतो. ती एकदम थांबली. मग समोरच्या घरातली थांबली. मग त्याच्या पलीकडची. गल्लीतले टीव्ही एकामागून एक बंद झाले. त्यांच्या मनात काय होतं हे मी आज समजू शकते. आईला ऐकू जाऊ नये, एवढंच. पण सगळी गल्ली एकाच वेळी टीव्ही बंद कशाला करेल?

आईने दम सोडला. भाऊ पडद्यावर अजून उभा होता. धडधाकट, दोन्ही हात पसरून, डावीकडे-उजवीकडे बघत.

मी रिमोट उचलला. आईने माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बघू दे मला." आणि आम्ही दोघी त्याला पुढे जाताना बघत राहिलो. तो बोनस रेषेपर्यंत गेला, डावीकडे झेप दाखवली, उजव्या पायावर वळला. कुणी त्याला पकडलंसुद्धा नव्हतं. तो स्वतःच्याच पायावर खाली बसल्यासारखा कोसळला. मग त्यांनी ते पुन्हा दाखवलं, हळू करून. मग वरून, मग पाठीमागून. चौथ्या वेळी मी टीव्ही बंद केला तेव्हा अक्का दारात उभ्या होत्या आणि त्यांना आत यायचं धाडस होत नव्हतं.

शस्त्रक्रिया संघाने करून घेतली, मोठ्या शहरात, मोठ्या डॉक्टरांकडून. त्यात कुणी हात आखडता घेतला नाही, हे सांगायलाच हवं. मी रजा काढून जाऊन आले. आईला मुद्दामच नेलं नाही. पण त्याने काय झालं? तिला तो प्रसंग घरबसल्या रोज बघायला मिळत होता. मोहोळच्या मामांनी पाठवला, गावाकडच्या भावकीने पाठवला, माझ्या कारखान्यातल्या बायकांनी काळजीने पाठवला. कुणीतरी त्याला रडकं गाणं लावलं होतं, कुणीतरी हसण्याचे आवाज. भाजीवाल्याने तर मेथीची जुडी बांधता बांधता मोबाईल पुढे केला, "मावशी, ह्योच का तुमचा पोरगा?" आई "व्हय" म्हणाली आणि पूर्ण बघितलं. त्याच्या उत्साहावर पाणी कसं ओतायचं, म्हणून. मला हे कळलं तेव्हा मी पिशवी घेऊन तशीच गेले आणि त्याची अशी हजामत केली की तो अजून मला मेथीची एक जुडी जास्त घालतो. मामांना फोनवर इतकं बोलले की मामी दिवाळीत आल्या नाहीत. मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

भाऊ कुबड्या घेऊन घरी आला. मग एक कुबडी, मग काठी, मग नुसता. पुन्हा मॅटवर जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सकाळी पट्टे बांधून व्यायाम, दुपारी सोलापुरात फिजिओथेरपी, संध्याकाळी परत व्यायाम. संघाने मोबाईलवर एक ॲप दिलं होतं. त्यात तो रोजचा हिशेब भरायचा आणि तिकडे कुणीतरी तो बघायचं. अट एकच होती. उजव्या पायाची ताकद डाव्याच्या बरोबरीला आली पाहिजे. ते मोजायचं एक यंत्र असतं, खुर्चीसारखं, पाय अडकवून लाथ मारायची. त्याने पुण्यात जाऊन शेवटची चाचणी दिली आणि निकालाचा कॉल कधी येईल याची वाट बघत बसला. मधले दिवस घरात सगळे हळू बोलत होतो. आई तर भांडीसुद्धा आवाज न करता घासत होती, आणि ते माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा पाहिलं.

कॉल दुपारी आला. मी अर्धी सुट्टी घेतली होती. भाऊ कॉटवर बसला, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर ठेवला. पडद्यावर दोन चौकोनांत दोन माणसं होती, डॉक्टर आणि व्यवस्थापक. डॉक्टरांनी एक चित्र दाखवलं, डावा पाय एक उंच पट्टी, उजवा पाय तिच्यापेक्षा बुटकी. दोघेही फार सौजन्याने बोलले. एवढ्या मेहनतीचं कौतुक केलं. या हंगामात घेता येणार नाही, आणि पुढचंही आम्ही खोटं आश्वासन देणार नाही, असं सांगितलं. भाऊ दरवेळी "हो सर, ठीक आहे सर" म्हणत राहिला. कॉल संपला तरी तो त्या काळ्या पडद्याकडे बघत होता.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन ती खाली फरशीवर बसली, त्याच्या पायाशी. "झालं?" तिने विचारलं.

"झालं. न्हाय घेत."

आई थोडा वेळ पदराच्या टोकाला गाठ मारत, सोडत बसली. मग म्हणाली, "एक बोलू? राग मानशील."

"बोल."

"मला बरं वाटलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्या पायाखालची जमीन आत्ता सरकलीय आणि ही काय बोलतेय. मी तोंड उघडलं, पण आईने माझ्याकडे बघितलंच नाही.

"तुजा बाप पडायचा की न्हाय? तवा मला काय म्हाईत नसायचं. दिवेलागणीला लंगडत दारात यायचा. मी शिव्या घालायची, हळद लावायची. पडल्याला मी त्याला कदी बघितला न्हाय, चालत आल्यालाच बघितला. तुला मी पडताना बघितलंय. हळूहळू करून दावलं मला. ह्या बाजूनं, त्या बाजूनं. ज्याला त्याला दावायची घाई. डोळं मिटलं तरी त्योच गुडघा दिसतोय. आता पुन्ना कुनी दावनार न्हाय, म्हनून बरं वाटलं. मी तुजी वैरी न्हाय, बाळा."

एवढं सगळं तिने पोटात ठेवलं होतं आणि मी भाजीवाल्याशी भांडत हिंडत होते.

भावाने दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरला. मग म्हणाला, "मला न्हाय वाटलं बरं, आई. मला परत जायचं होतं."

"म्हाईत हाय मला."

"मी पडलो ना, तवा दुखायच्या आधी पहिलं मनात आलं की तू बघत असशील. म्हनून मी हात वर केला. कॅमेरा कुठं आहे ते आम्हाला म्हाईत असतं. तिकडं तोंड करून हात वर केला, तुला कळावं म्हनून, की मी जागा हाय, शुद्धीवर हाय."

आईने मान वर केली. मीही. तो प्रसंग आम्ही दोघींनी किती वेळा बघितला असेल, त्याला हिशेब नाही. हात मी बघितला नव्हता.

"मला न्हाय दिसला," आई म्हणाली. "मी खालीच बघत हुते."

"केला होता गं."

ज्या चित्रापायी ती मेथी घ्यायला जाईनाशी झाली होती, ते तिने स्वतःच्या तोंडाने मागितलं. "दाव मला."

त्याने तांब्याजवळचा मोबाईल उचलला आणि तिच्याशेजारी फरशीवर उतरला. उजवा पाय सरळ लांब ठेवून, भिंतीला टेकून. मी दुसऱ्या बाजूने वाकले. भाऊ पडद्यावर वळला, कोसळला, आणि सगळे त्याच्या गुडघ्याकडे धावले. त्या धावणाऱ्या पायांच्या मधून, चित्राच्या अगदी कडेला, एक हात वर आला. पंजा उघडा, बोटं पसरलेली, आमच्याकडे.

आईने बोट लावलं तसं चित्र थांबलं. ती तो हात बघत बसली आणि भावाने आपलं डोकं तिच्या खांद्यावर टाकलं.